साखरेचा नवरदेव
फ्लॉरेन्स येथील एका शारदीय विवाहभोजनाची कथा

लग्नाच्या जेवणात मेजाच्या मध्यभागी काय मांडावे, हा प्रश्न आपल्या पूर्वजांना कधी पडला नाही. कारण उघड आहे. पंगतीला मध्य नसतो. पाट मांडले, पाने घातली, प्रत्येक पानाभोवती रांगोळीची महिरप रेखली, दोन पंगतींच्या मधल्या वाटेत समया तेवत ठेवल्या आणि उदबत्त्या लावल्या, की शोभेची बाजू पुरी झाली. जेवणाऱ्याच्या दृष्टीने मध्यस्थान म्हणजे त्याचे स्वतःचे पान. शेजाऱ्याचे पान हे दुसरे मध्यस्थान. साऱ्या पंगतीने एकाच वस्तूकडे डोळे लावून बसावे अशी सोय त्या रचनेत नाही, आणि कुणाला तिची उणीवही भासली नाही.

पुढे टेबल-खुर्च्या आल्या. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या घरी तर त्या जरा लवकरच आल्या, आणि मंडळांच्या सभागृहांतून होणाऱ्या लग्नांत ‘टेबलावर मध्ये काय ठेवायचे?’ हा प्रश्न वधूपित्याच्या यादीत येऊन बसला. कुणी फुलदाणी ठेवतो, कुणी पाण्यात तरंगत्या पणत्या, कुणी नुसतीच मिठाची बाटली. पाश्चात्त्य देशांत मात्र हा विषय फार गांभीर्याने घेतला जातो. विशेषतः शरद ऋतूतील लग्न असेल तर लहानमोठे भोपळे, गव्हाच्या ओंब्या, तांबूस झालेली मेपलची पाने, शेवंतीचे गुच्छ यांतून निवड करण्यात घरेच्या घरे गुंतलेली असतात. त्या निवडीला ते ‘सेंटरपीस’ची निवड म्हणतात. हा हौसेचा भाग झाला, असे म्हणून आपण पुढे जाऊ शकलो असतो. पण या हौसेला एक इतिहास आहे, आणि तो फुलापानांचा नसून कर्जाचा, राजकारणाचा आणि साखरेचा आहे. साखर म्हटली की आपला संबंध येतोच.

दिनांक ५ ऑक्टोबर १६०० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत झालेल्या एका विवाहाच्या भोजनाची हकीकत येथे सांगावयाची आहे. त्याच वर्षी इकडे चांदबिबीचा अंत होऊन अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला होता, एवढे स्मरले म्हणजे काळाचा अदमास येईल.

आपल्याकडे ऑक्टोबरच्या आरंभी विवाह निघत नाहीत. चातुर्मास चालू असतो, देव निजलेले असतात. कार्तिकी एकादशीला ते उठावयाचे, मग तुळशीचे लग्न लागावयाचे, आणि त्यानंतर माणसांच्या लग्नांना वाट मोकळी. तेव्हा शरदातील आपले एकमेव मोठे लग्न तुळशीचे, आणि त्या लग्नाच्या मध्यभागी काय असते हे सर्वांना ठाऊक आहे : वृंदावन, त्यात खोचलेला आवळा आणि चिंच, आणि वर उसाचा मांडव. ऊस हा तेथे शोभेसाठी नसतो. नवे पीक हाती येत असल्याची ती वर्दी असते. फ्लॉरेन्सच्या मेजावरही उसाचेच रूप मांडलेले होते; मात्र ते मळ्यातून आलेले नव्हते, आणि त्याने दिलेली वर्दीही निराळी होती.

वधू मारिया दे मेदिची. वय पंचवीस. त्या काळच्या राजघराण्यांच्या मानाने हे वय पुष्कळच झाले. आईवडील लहानपणीच निवर्तलेले. चुलता फर्डिनांड हा टस्कनीचा ग्रँड ड्यूक, आणि तोच पालक. वर फ्रान्सचा राजा चौथा हेन्री. वय सेहेचाळीस. पहिल्या राणीशी झालेला विवाह आदल्या वर्षाच्या अखेरीस पोपच्या संमतीने रद्दबातल ठरला होता. हेन्रीला औरस वारस हवा होता, पण त्याहूनही निकडीची बाब वेगळी होती. मेदिची घराणे मूळचे सराफ-सावकारांचे, आणि धर्मयुद्धांच्या काळात फ्रान्सच्या राजाने या घराण्याकडून भरमसाट कर्ज काढलेले होते. बोलणी झाली ती हुंड्याच्या आकड्यावर. अखेरीस ६ लाख सुवर्णमुद्रांवर तडजोड झाली, आणि त्यांतील मोठी रक्कम जुन्या कर्जापोटी वळती करून घेण्याचे ठरले. सावकाराने आपली पुतणी द्यावी, वर पैसा द्यावा आणि थकलेल्या वसुलीवरही काही अंशी पाणी सोडावे, असा हा व्यवहार होता. त्याच्या बदल्यात सावकाराच्या घरात फ्रान्सचे राणीपद येत होते. एप्रिल महिन्यात करारावर सह्या झाल्या.

लग्नाला नवरदेव आला नाही. तो सव्हॉयच्या ड्यूकशी लढाईत गुंतला होता. त्याने बेलगार्द नावाच्या सरदाराजवळ अधिकारपत्र धाडले, आणि फ्लॉरेन्सच्या महामंदिरात पोपचा पुतण्या कार्डिनल आल्दोब्रांदिनी याच्या पौरोहित्याखाली वधूच्या बोटात अंगठी घातली ती तिच्या चुलत्याने, राजाचा प्रतिनिधी म्हणून. मराठी वाचकांना यात फारसे आश्चर्य वाटू नये. आपल्याकडील संस्थानी घराण्यांत खांडा पाठवून लग्न लावण्याची रीत होती. होळकरांच्या इतिहासात ‘खांडाराणी’ हा शब्द त्यातूनच आला. तलवारीशी लग्न लागलेली मुलगी सासरी जाईपर्यंत नवऱ्याचे तोंडही पाहत नसे. मारियाचेही तेच झाले. हेन्रीची आणि तिची पहिली भेट ९ डिसेंबरला लिऑं येथे झाली, म्हणजे लग्नाला दोन महिने उलटून गेल्यावर.

त्या दिवशीची मेजवानी ‘पाचशेंचे दालन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्रचंड सभागृहात झाली. हे दालन मुळात फ्लॉरेन्सच्या लोकराज्याने आपल्या महासभेसाठी १४९५ च्या सुमारास बांधलेले. पुढे लोकराज्य बुडाले, मेदिची ड्यूक झाले, आणि त्यांनी त्याच्या भिंतींवर आपल्या विजयांची चित्रे काढून घेतली. आता तेथे पाने मांडली जात होती. दालनात सोन्यारूप्याची आणि रत्नखचित पात्रे पायऱ्यापायऱ्यांनी रचून एक भव्य मांडणी केली होती, आणि त्या मांडणीचा आकार लिलीच्या फुलाचा होता. लिली हे फ्रान्सच्या राजघराण्याचे चिन्ह, आणि फ्लॉरेन्स नगरीचेही तेच. दोन्ही पक्षांच्या पाहुण्यांना आपापले चिन्ह दिसावे आणि दोघांनाही ते एकच आहे असे वाटावे, ही त्यातली खुबी. मेजावरचे पांढरेशुभ्र हातरुमाल खळ देऊन, बारीक चुण्या घालून नाना आकृतींत उभे केलेले होते. ही घड्या घालण्याची कला त्या काळी एवढी मान्यता पावली होती की पुढे १६२९ साली पाडुआ येथे मात्तिया गीगर याने तिच्यावर सचित्र ग्रंथ लिहिला.

आणि मेजावर साखरेचे पुतळे होते. पुराणकथांतील वीर होते, पशू होते, आणि राणीच्या मेजावर प्रत्यक्ष नवरदेव होता : अश्वारूढ चौथा हेन्री, संपूर्ण साखरेचा.

हे पुतळे कुणा हलवायाच्या कल्पनेतून निघालेले नव्हते. जाम्बोलोन्या हा त्या काळच्या युरोपातील सर्वांत नामांकित शिल्पकार मेदिचींच्या पदरी होता. त्याने घडविलेला पहिल्या कोसिमोचा अश्वारूढ ब्राँझ-पुतळा त्या दालनाबाहेरच्याच चौकात काही वर्षांपूर्वी उभा राहिला होता. साखरेच्या मूर्ती त्याच्याच नमुन्यांवरून, त्याच्याच कारखान्यात घडल्या, आणि त्या कामात त्याचा तरुण शिष्य प्येत्रो ताक्का याचा हात होता. म्हणजे ज्या हातांनी ब्राँझ ओतले जात होते त्याच हातांनी साखर ओतली जात होती. दोहोंत ओतकामाची रीत जवळजवळ एकच. फरक एवढाच की ब्राँझचा पुतळा पिढ्यान्‌पिढ्या टिकावा म्हणून, आणि साखरेचा एक रात्र टिकावा म्हणून.

या कामाची रीत समजून घेण्याजोगी आहे. दोन प्रकार होते. पहिल्यात बारीक कुटलेली साखर गुलाबपाण्यात भिजवलेल्या कतिऱ्याच्या डिंकात मळून, तीत लिंबाचा रस आणि अंड्यातील पांढरा बलक घालून कणकेसारखा गोळा करीत. हा गोळा लाटता येई, साच्यात दाबता येई, वाळला की चिनी मातीसारखा कडक होई. १५५५ साली व्हेनिस येथे प्रसिद्ध झालेल्या आलेस्सिओ प्येमोंतेसे याच्या ‘गुह्यां’च्या पुस्तकात हा पाठ दिलेला आहे, आणि त्यापासून थाळ्या, पेले करून जेवणाच्या शेवटी ते खाऊन टाकावेत अशी गमतीची सूचनाही आहे. दुसऱ्या प्रकारात साखरेचा पाक पक्का करून साच्यात ओतीत. साचा दोन किंवा अधिक तुकड्यांचा, प्लास्टरचा. तो आधी पाण्यात मुरवून ठेवावा लागे, नाहीतर पाक चिकटून बसे. पाक कडेने थिजला की आतला पातळ भाग उलटा करून काढून टाकावयाचा. मूर्ती पोकळ राही, हलकी होई, आणि साखरही वाचे. पाक किंचित कच्चा राहिला तर मूर्ती पाझरू लागते; किंचित जास्त झाला तर पिवळी पडते. हवेत दमटपणा असला तर दोन्ही परी संकट. शरद ऋतूतील कोरडी हवा या कामाला अनुकूल असली पाहिजे, असे मला वाटते.

उत्तर हिंदुस्थानात वास्तव्य असलेल्या वाचकांना हे वाचून काही आठवेल. दिवाळीच्या आधी तेथील बाजारांत साळीच्या लाह्यांशेजारी खांडेची खेळणी येतात : पांढरे हत्ती, घोडे, मोर. लाकडी साच्याच्या दोन फळ्या ओल्या करून बांधतात आणि वरून पाक ओततात. आपल्याकडे गुढीपाडव्याला ज्या साखरेच्या गाठी बांधतो त्यांचीही जात तीच. लाकडी साचा, मध्ये दोरा, वरून पाक. जाम्बोलोन्याच्या कारखान्यातील घोडा आणि लखनौच्या बाजारातील घोडा यांत कलेच्या दृष्टीने अंतर पुष्कळ, परंतु थंड होणाऱ्या पाकाचे गणित दोन्हीकडे सारखेच आहे. त्याचे नवलही वाटावयास नको. ‘शर्करा’ हा संस्कृत शब्द फार्सीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’ आणि इटालियनमध्ये ‘झुक्केरो’ झाला. ‘खंड’ या शब्दापासून ‘कंद’ आणि मग इंग्रजीतला ‘कँडी’ झाला. कौटिलीय अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा असे साखरेचे पाच प्रकार सांगितले आहेत. जिन्नस गेला तेव्हा नावही गेले, आणि जिन्नस हाताळण्याचे कसब वाटेत वाढत गेले. साखरेच्या मूर्ती मांडण्याची चाल इटलीच्या आधी इजिप्तच्या आणि तुर्कस्तानच्या दरबारांत होती. १५८२ साली इस्तंबूल येथे सुलतानपुत्राच्या सुंतेच्या सोहळ्यात साखरेचे पशुपक्षी आणि साखरेचे बगीचे मिरवणुकीतून नेण्यात आले होते.

युरोपात साखर हे दीर्घ काळ औषधी द्रव्य होते. औषधविक्याच्या दुकानात तोलून मिळे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांनी मदेरा बेटावर उसाचे मळे केले, पुढे साओ टोमे बेटावर, पुढे ब्राझीलमध्ये. या मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांना राबविले जाई. रात्रंदिवस चालणारे चरक, उकळत्या काहिली, आणि चरकात हात सापडलाच तर तो तोडण्यासाठी जवळ ठेवलेली कुऱ्हाड, अशी वर्णने त्या मळ्यांविषयी पुढील काळात लिहिली गेली आहेत. १६०० पर्यंत युरोपच्या बाजारात येणाऱ्या साखरेचा मोठा भाग ब्राझीलचा झाला होता. मदेराची असो वा ब्राझीलची, मळ्यावरच्या साखरेला गुलामांच्या श्रमाचे मोल लागलेलेच होते. मेजवानीत तिच्या शुभ्रतेचे कौतुक झाले असेल. जितकी पांढरी तितकी ती अधिक वेळा शुद्ध केलेली, म्हणून तितकीच महाग. आणि पाहुण्यांना हा हिशेब समजत होता. साखरेचा राजा घोड्यावर बसवून मेजावर ठेवणे म्हणजे ‘आमच्याजवळ एवढे आहे की आम्ही ते एका रात्रीत वितळू देऊ शकतो’ असे सांगणे. कर्जदाराच्या वकिलासमोर सावकाराने काढलेले हे उद्गार होत.

येथे मला या लग्नाचा मर्म-भाग दिसतो. शोभेच्या वस्तूची निवड म्हणून जिच्याकडे आपण पाहतो ती वस्तुतः निरोप देण्याची निवड होती. कुणाला काय दिसावे, हे आधी ठरविले जाई. सौंदर्य त्यामागून येई. दालनात कृत्रिम मेघांवरून जूनो आणि मिनर्व्हा या देवता उतरल्या आणि त्यांनी वधूवरांच्या स्तुतीचा संवाद गायिला, तोही त्या निरोपाचाच भाग. आणि ज्या व्यक्तीच्या नावाने हा थाट चालला होता तिला कुणी काही विचारल्याचे दिसत नाही. मारिया मेजापाशी बसली होती, समोर तिच्या न पाहिलेल्या नवऱ्याची साखरेची प्रतिमा होती, आणि सभोवारची मंडळी दोघांकडेही सारख्याच दृष्टीने पाहत होती. मेजाच्या मध्यावर मांडलेली खरी वस्तू तीच होती, असे म्हटले तर ते कुणाला कठोर वाटेल. मला ते वस्तुस्थितीला धरून वाटते.

आपल्या रुखवताशी याची तुलना करण्याचा मोह होतो, आणि तो मी आवरीत नाही. रुखवत हीदेखील लग्नात मांडावयाची, पाहावयाची, पुष्कळशी खावयाची वस्तू. साखरेची तुळशीवृंदावने, डाळींची चित्रे, करंज्यांचे मोर, लाडवांच्या उतरंडी, बोरांएवढ्या मोदकांची परडी. तेथेही निरोप आहेच : आमची लेक कोणत्या घरातून येत आहे ते पाहून घ्या. विहिणीच्या डोळ्यांसाठीच ते मांडलेले असते. पण एक मूलभूत भेद आहे. रुखवत मांडते ती वधूच्या घरची बायकामंडळी, आणि पुष्कळदा त्यात वधूच्या स्वतःच्या हातच्या वस्तू असतात. काय मांडावे हे आई, मावशी, आत्या मिळून ठरवितात. ड्यूक ठरवीत नाही. लग्नाच्या साऱ्या धामधुमीत वधूपक्षाच्या स्त्रियांना आपले म्हणणे स्वतः मांडता येईल अशी जागा बहुधा हीच. लग्न ठरल्याच्या सोहळ्यालाच आपण ‘साखरपुडा’ म्हणतो, आणि त्या पुड्यातील साखर पाहण्यासाठी नसून तोंड गोड करण्यासाठी असते, हाही भेद लक्षात घेण्याजोगा आहे. मात्र रुखवताचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या कुटुंबांत पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या लग्नांत रुखवतात काय होते, स्थानिक मिठाया त्यात केव्हा शिरल्या, ग्वाल्हेर-इंदूरकडे एक तऱ्हा आणि तंजावर-बंगळूरकडे दुसरी असे का झाले, हे आज ज्या आजींना सांगता येईल त्यांची संख्या वर्षागणिक घटत आहे. मंडळाच्या कार्यकारिणीने या कामी एखादी वही घातली तर ती पुढील स्मरणिकेला उपयोगी पडेल.

फ्लॉरेन्सच्या मेजवानीची वही घातली गेली होती. धाकटा मायकेलअँजेलो बुओनारोती, म्हणजे त्या थोर शिल्पकाराच्या पुतण्याचा मुलगा, हा कवी होता. त्याने दरबारच्या वतीने या समारंभांचे वर्णन लिहिले आणि ते त्याच वर्षी छापून निघाले. मेजावर काय होते हे आज आपण सांगू शकतो ते प्रामुख्याने या पुस्तकाच्या आणि दरबारच्या खर्चाच्या नोंदींच्या आधारे. दरबारी लेखकाने आपल्या धन्याचा बडेजाव करावा हे ओघानेच आले, म्हणून हे लेखन जपून वाचावे लागते. पण सजावटीच्या बाबतीत त्याच्याइतका जवळचा साक्षीदार मिळणे कठीण. त्याच सप्ताहात, ६ ऑक्टोबरला, पित्ती राजवाड्यात पेरीचे ‘एउरीदिचे’ हे संगीत नाटक झाले. संपूर्ण संगीतासह आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ऑपेरा तो हाच. त्या वेळी मात्र राजवाड्यातील एका खोलीत झालेल्या या प्रयोगाचा फारसा गाजावाजा झाला नाही. गाजले ते ९ तारखेचे, प्रचंड यंत्रे वापरून झालेले दुसरेच नाटक. आज त्या दुसऱ्या नाटकाचे बहुतेक संगीत नष्ट झालेले आहे. विवाहास मांतुआच्या ड्यूकच्या परिवारात तेवीस वर्षांचा एक फ्लेमिश चित्रकारही हजर होता. त्याचे नाव रुबेन्स.

मेजावरील साखरेचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगता येते. युरोपात चिनी मातीचे रहस्य १७१० च्या सुमारास साक्सनीत उलगडले आणि माइसेनचा कारखाना निघाला. तेथील कुशल मूर्तिकार केंडलर याने साखरेच्या पुतळ्यांचीच गादी चिनी मातीच्या छोट्या मूर्तींना दिली. गमतीची गोष्ट अशी की ड्रेस्डेनच्या काउंट ब्रूल या बड्या मंत्र्याकडे या मूर्ती भांडारगृहात न ठेवता मिठाईखान्यात ठेवल्या जात. कारण त्यांचे काम तेच होते. साखरेपेक्षा हा माल सोयीचा, धुऊन पुन्हा मांडता येणारा. फ्रान्समध्ये त्याच शतकाच्या मध्यास झिलई न दिलेल्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती निघाल्या, त्यांचे रूप तर हुबेहूब साखरेचे. पुढे एकोणिसाव्या शतकात रशियन पद्धतीची वाढणी रूढ झाली. पूर्वी सारी पक्वान्ने एकाच वेळी मेजावर मांडीत. आता वाढपी एकेक पदार्थ घेऊन प्रत्येकाजवळ येऊ लागला. आपल्या पंगतीची रीत ती हीच, हे सांगावयास नको. त्यामुळे मेजाचा मध्य एकाएकी रिकामा पडला, आणि त्या रिकाम्या जागेत फुले आणि फळे आली. आजच्या पाश्चात्त्य लग्नातील भोपळे आणि शेवंती हे या रिकाम्या जागेचे वारस आहेत. शेवंती मूळची चीनची, भोपळा अमेरिकेचा. आणि शरदात आपण ज्याची तोरणे बांधतो तो झेंडूही मूळचा मेक्सिकोचा. ऋतूची म्हणून जी फुले-फळे आपण मानतो त्यांतील कितीतरी जहाजातून आलेली असतात.

मारिया राणीचे आयुष्य गोड गेले नाही. १३ मे १६१० रोजी तिचा राज्याभिषेक झाला आणि दुसऱ्याच दिवशी हेन्रीचा खून झाला. अल्पवयीन मुलाच्या नावाने तिने काही वर्षे राज्य चालविले. त्याच मुलाने पुढे तिला दूर केले. रिशल्यूशी झालेल्या झगड्यात ती हरली, १६३१ मध्ये तिला देश सोडावा लागला, आणि ३ जुलै १६४२ रोजी कोलोन येथे ती कर्जबाजारी अवस्थेत वारली. वैभवाच्या दिवसांत तिने रुबेन्सकडून स्वतःच्या चरित्राची वीसहून अधिक प्रचंड चित्रे काढून घेतली होती. त्यांत फ्लॉरेन्सच्या महामंदिरातील विवाहाचे चित्र आहे. चुलता अंगठी घालतो आहे, आणि मागे उभ्या असलेल्या मंडळींत रुबेन्सने स्वतःलाही स्थान दिले आहे. हे चित्र आज लूव्र संग्रहालयात आहे. मेजवानीचे चित्र मात्र त्या मालिकेत नाही.

अश्वारूढ हेन्रीची कल्पना मात्र मारियाने सोडली नाही. पॅरिसच्या नव्या पुलासाठी तिने जाम्बोलोन्याकडूनच नवऱ्याचा ब्राँझचा घोडेस्वार करविण्यास घेतला. जाम्बोलोन्या १६०८ मध्ये वारला. पुतळा पुरा केला तो ताक्काने, साखरेच्या कामात ज्याचा हात होता त्यानेच. १६१४ साली तो पुलावर उभा राहिला. १७९२ मध्ये क्रांतिकारकांनी तो पाडला आणि ब्राँझ वितळविले. राजेशाही परत आल्यावर, १८१८ साली, त्या जागी नवा घोडेस्वार बसविण्यात आला. त्याचे ब्राँझ नेपोलियनचा पुतळा वितळवून मिळविलेले होते. तो आजही तेथे आहे. फ्लॉरेन्सला २०१५ साली पित्ती राजवाड्यात १६०० च्या मेजवानीचे प्रदर्शन भरले तेव्हा आजच्या कारागिरांनी जुन्या रीतीने साच्यांत ओतून साखरेचे पुतळे पुन्हा घडविले, आणि घड्यांचे रुमालही मेजावर पुन्हा उभे राहिले.